पाण्याचा संगणक

९ सप्टेंबर

ही वही आजपासून सुरू करतोय. कारण ग्रामपंचायतीतल्या जुन्या संगणकाला तारीख लक्षात राहत नाही. त्याच्या आतला सेल संपलाय. रोज सकाळी चालू केला की तो म्हणतो, आज १ जानेवारी २००२. मी त्याला खरी तारीख सांगायची, मग तो कामाला लागतो. परवा मीच घोळ केला आणि सात तारखेला सहा सांगितली. त्यामुळं दोन दिवसांचा पाऊस एकाच दिवशी पडला. तारखा आता मीच लिहून ठेवणार.

आज पंचायत समितीचं पत्र आलं. ज्या संगणकांना कंपनीचा सपोर्ट मिळणं बंद झालंय ते ३१ डिसेंबरपर्यंत निर्लेखित करा, म्हणजे भंगारात काढा. आमचा विंडोज एक्सपी. आमच्या ग्रामसेवक भाऊसाहेबांनी मोबाईलवर बघून सांगितलं की त्याचा सपोर्ट २०१४ सालीच संपला. म्हणजे नऊ वर्षं आम्ही बिनसपोर्टचे चाललोय आणि मला पत्ताही नाही. सपोर्ट होता तेव्हा काय मिळत होतं, तेही आठवत नाही.

दाखले, ऑनलाईन कामं वगैरेसाठी नवीन संगणक आहे. पण पाण्याचा प्रोग्राम फक्त जुन्यावर चालतो आणि बोरमाळमध्ये तोच महत्त्वाचा. हिवरे बाजारला पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवतात, ते बघून आमच्या गावानंही २००६ साली तसं ठरवलं होतं. पहिल्याच ग्रामसभेत डोकी फुटायची वेळ आली. यंदा तुझ्या रानात कांदा नको, हे कुणी कुणाला सांगायचं? सांगणाऱ्याची भावकी निघाली, पार्टी निघाली, आजोबानं ढापलेला बांध निघाला. मग ओम नावाचा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी इथं प्रोजेक्ट करायला आला होता, त्यानं हा प्रोग्राम बनवून दिला. पाऊस आणि विहिरींचं पाणी भरलं की एक कागद निघतो. कांदा इतका, गहू इतका, ऊस नाही. सरपंच तो ग्रामसभेत वाचतात आणि गाव मुकाट्यानं ऐकतं. संगणकाला भावकी नाही.

मी अमृत साळवे, संगणक परिचालक. आमची घरं गावाच्या खालच्या अंगाला, विहाराजवळ. गावानं पाण्याच्या बाबतीत आमचं ऐकावं असं काही कधी नव्हतं, आणि तशी अपेक्षाही नाही. माझं काम प्रिंटरमधून आलेला कागद फाडून देण्याचं.

१४ सप्टेंबर

पाण्याचा प्रोग्राम नवीन संगणकात टाकून बघितला. तो म्हणाला, हा प्रोग्राम इथं चालणार नाही, ज्यानं बनवला त्याच्याशी संपर्क करा. ओम सरांचा माझ्याकडचा नंबर लावला तर बारामतीच्या एका पिठाच्या गिरणीत लागला.

आमचे ग्रामसेवक प्रवीण भाऊसाहेब म्हणाले, "एक्सेलमध्ये करून टाक की." म्हटलं, करतो, फक्त आत काय गणित आहे ते सांगा. ते म्हणाले, "ते तुला माहीत असेल ना!" आम्ही दोघं बराच वेळ एकमेकांकडं बघत बसलो.

२९ सप्टेंबर

आज पितृपक्ष सुरू. दर वर्षी याच दिवशी बनुआजी सहा विहिरींचं पाणी मोजते. हिचा नवरा विहिरी खोदायचा. तालुक्यातली निम्मी दगडं त्यानं फोडली, असं ती सांगते. वय अठ्ठ्याहत्तर. हातातल्या दोराला हातभर अंतरावर गाठी मारलेल्या. दोर सोडते, वर ओढते, ओल्या गाठी मोजते आणि मला आकडे सांगते. यंदा पाऊस अगदीच बेताचा. डोंगराकडच्या विहिरीत साडेपाच गाठी.

दुपारी आकडे भरायला बसलो. चार विहिरी भरल्या. पाचव्या आकड्याला लाईट एकदम मोठी झाली, ट्यूब पांढरीफटक पडली आणि संगणकाच्या मागून फट्ट आवाज आला. मग धूर. जळक्या रबराचा वास. बटण दाबून बघितलं, उलटसुलट दाबून बघितलं, काही नाही.

खिडक्या उघडल्या, उदबत्ती लावली. भाऊसाहेब आले तेव्हा म्हणाले, "आज काय पूजा?" म्हटलं, पितृपक्ष.

३० सप्टेंबर

कुणाला न सांगता संगणक नगरला न्यायचं ठरवलं. पोत्यात घालून गाडीला मागं बांधला. नेमके एस.टी. स्टँडजवळ बजरंग आबा भेटले. गावातला सगळ्यात मोठा बागायतदार. मिशा आणि आवाज दोन्ही मोठे.

"पोत्यात काय रं, अमृत?"

मला पटकन सुचलं, "कोंबड्या आहेत, आबा. आजारी आहेत. दवाखान्यात नेतोय."

आबांनी पोत्याकडं बघितलं. "शेपूट बारीक दिसतंय," म्हणाले आणि निघून गेले. पुढं पंपावर उतरलो तेव्हा लक्षात आलं की एक वायर बाहेर लोंबत होती. नशीब, आबांची नजर आता अधू झालीय.

नगरच्या दुरुस्तीवाल्यानं उघडून बघितलं. मदरबोर्ड गेला, हार्ड डिस्क पण गेली. म्हटलं, काहीच करता येणार नाही का? तो म्हणाला, "येईल की. फोटो काढून ठेवा."

येताना पोतं पुढं टाकीवर घेतलं. का कुणास ठाऊक, मागं बांधवलं नाही.

२ ऑक्टोबर

गांधी जयंतीची ग्रामसभा. कागद आजच वाचायचा असतो. रात्रभर ठरवत होतो की उभं राहून सांगून टाकायचं. पण सांगितलं की काय होणार ते दिसतच होतं. संगणक नाही म्हणजे कागद नाही, कागद नाही म्हणजे ज्याची मोटार मोठी त्याचं पाणी. फेब्रुवारीत आमच्या अंगाचे आड पहिले आटतात.

सरपंच शुभांगीताईंनी माझ्याकडं एकदा नीट बघितलं आणि जाहीर केलं, "कोरम न्हाई. सभा तहकूब. येत्या एकोनीस तारखेला घेऊ."

कोरमला शंभर माणसं लागतात. मी मोजली, एकशे बेचाळीस होती. ताईंचं गणित कच्चं आहे, पण आज माझ्या पथ्यावर पडलं. गंमत म्हणजे कुणीच हरकत घेतली नाही. बजरंग आबा तर म्हणाले, "लईच कमी मान्सं दिसत्यात," आणि चार जणांना घेऊन बाहेर पडले.

५ ऑक्टोबर

संगणक होता तसा टेबलावर मांडून ठेवलाय. नशिबानं मॉनिटर जिवंत आहे. चालू केला की काळ्या पडद्यावर एक चौकोन इंग्रजीत 'सिग्नल नाही' असं म्हणत इकडून तिकडं फिरत राहतो. मी दिवसभर त्याच्यासमोर बसतो आणि अधूनमधून कीबोर्ड बडवतो.

लोक नेहमीपेक्षा जास्त येताहेत. येतात, उभे राहतात. "काय म्हनतंय?" विचारतात. मी सांगतो, गणित चालू आहे. आज एक म्हातारबाबा त्या चौकोनाकडं बराच वेळ बघत होते. म्हणाले, "लई फिरतंय बिचारं. त्याला वाईच बसू दे."

जाताना बजरंग आबांनी दारातून विचारलं, "कोंबड्यांचं काय झालं?"

म्हटलं, ठीक आहेत.

"आंडी देत्यात का?"

म्हटलं, अजून नाही. आबांना पक्ष्यांची एवढी काळजी असेल असं वाटलं नव्हतं.

८ ऑक्टोबर

ओम सर सापडले! त्यांच्या कॉलेजच्या एका मॅडमकडून नंबर मिळाला. पुण्यात मोठ्या कंपनीत आहेत. मी बोरमाळमधून बोलतोय म्हटल्यावर आधी ओळखच पटेना. मग एकदम हसायला लागले. "तो प्रोग्राम अजून चालतोय? सतरा वर्षं?"

त्यांना सगळं खरं सांगितलं. सगळं खरं सांगितलेला तो पहिला माणूस. आरतीला सांगितलंय, पण बायकोला सांगायची गरजच पडत नाही, ती चेहऱ्यावरून वाचते. ओम सरांना म्हटलं, निदान आतलं गणित तरी सांगा, मी हातानं करतो.

ते म्हणाले, "दादा, तुम्हाला माहीत नाही? माझं गणित चुकत होतं. भूजल, बाष्पीभवन, सगळं पुस्तकातलं घातलं होतं मी. उत्तर काहीही यायचं. मग तिथं एक बाई होत्या, दोर घेऊन फिरायच्या. त्यांनी सांगितलं तसं लिहिलं. आत फक्त पाच-सहा ओळी आहेत."

"बनुआजी?"

"नाव आठवत नाही. पण फार रागावल्या होत्या माझ्यावर. म्हणाल्या, विहिरीत न उतरता पाणी मोजतोस का?"

९ ऑक्टोबर

सकाळीच बनुआजीकडं गेलो. ती शेंगा निवडत होती. म्हटलं, आजी, संगणकातलं गणित तुझं होतं?

"मग काय त्या मशिनीचं? ती कवा गेलती डोंगराला?"

"मग सतरा वर्षं बोलली का नाहीस?"

ती म्हणाली, "आरं, आदूगर मीच सांगायची. डोंगराकडच्या हिरीत पितरं बसताना धा गाठी असल्या तर कांदा. आठ असल्या तर गहू. सहाच्या खाली गेलं की हरबरा पेरायचा, कांदा घरापुरता धा गुंठं, आन गप बसायचं. पन मी सांगितलं की समदी माझ्या दारात भांडायला. एकानं तर दोर जाळला माझा. मग त्या पोराला म्हनलं, बाबा, तुझ्या डब्यात घाल हे. डब्याशी कोन भांडतंय?"

मी तिथंच ओसरीवर बसून राहिलो. सतरा वर्षं मी त्या संगणकाला रोज फडक्यानं पुसतोय, आणि बनुआजीला चालत विहिरीवर पाठवतोय.

म्हटलं, आजी, आता काय करायचं?

"दोर माझ्याकडं हाय. डबा तुझ्याकडं हाय. डबा बंद हाय, हे कुनाला सांगतोस?"

मी तिला डबा बंद असल्याचं सांगितलं नव्हतं. पण म्हातारी माणसं अंदाजानं बोलतात.

१३ ऑक्टोबर

नवीन संकट. बजरंग आबांनी कांद्याचं रोप टाकलंय, तेही चार एकराला पुरेल एवढं. रस्त्यावरून दिसतंय, हिरवंगार. आणि बनुआजीच्या हिशेबानं यंदा कांदा दहा गुंठ्याच्या वर कुणालाच नाही.

दुपारी जेवताना आरतीला म्हटलं, आबांपुरतं अर्धा एकर करावं का? गावात कोण बघतंय? कागदावर एक ओळ वाढवायची. नाहीतर सगळ्यांनाच अर्धा एकर लिहायचं, आबांचा राग तेवढाच कमी.

आरती अंगणवाडीत आहे. पोरांशी बोलते तशीच माझ्याशी बोलते. म्हणाली, "संगणक घाबरला असता का आबांना?"

"तो निर्जीव आहे."

"मग तुम्ही कशाला मधे येता? तुम्ही फक्त कागद फाडून देता ना?"

आमच्याही दीड एकरात मी कांद्याचं रोप टाकलंय. दहा गुंठ्यांवरचं मोडावं लागणार, हे लिहिताना आत्ता लक्षात येतंय.

१८ ऑक्टोबर

दुपारी ऑफिस आतून बंद करून कागद काढला. जुना प्रिंटर टिकटिक करत ठिपक्यांनी लिहायचा, कागदाच्या दोन्ही कडांना भोकं असायची. तो प्रिंटर नव्या संगणकाला जोडताच येत नाही. म्हणून जुना भोकांचा कागद नव्या प्रिंटरला भरवला. त्यानं पहिले सात चावले. आठवा सरळ आला. ठिपक्यांसारखं दिसणारं अक्षर नेटवर मिळालं. आरती मदतीला आली होती. तिनं कागद लांब धरून बघितला आणि म्हणाली, "अगदी हुबेहूब. जरा चुरगळा."

चुरगळला. मग इस्त्री करायची वेळ आली, एवढा चुरगळला.

१९ ऑक्टोबर

झाली ग्रामसभा! बसल्या बसल्या सविस्तर लिहितो.

मारुतीच्या देवळासमोर गाव जमलं. शुभांगीताईंनी कागद वाचला. एकूण पाऊस तीनशे बारा मिलिमीटर. गहू नाही. ऊस नाही. कांदा प्रत्येकी दहा गुंठे, जास्त नाही. हरभरा आणि ज्वारी, एक पाणी. मी खांबाला टेकून उभा होतो, खांब गार लागत होता म्हणून बरं.

मग बजरंग आबा उठले. त्यांनी कागद मागितला, चष्मा लावला, खालीवर बघितला. म्हणाले, "सतरा वरीस ह्यात 'एकुन पाउस' लिवून येत हुतं. औंदा 'एकूण' बराबर आलंय."

ओम सरांची शुद्धलेखनाची चूक मी सवयीनं सुधारून टाकली होती.

"सुधारणा व्हती माणसात," शुभांगीताई म्हणाल्या. "मशीनमधी सुद्धा, म्हंजे."

आबा म्हणाले, "माझा संगणकाला एक प्रश्न हाय. डोंगराकडच्या हिरीत पानी किती?"

"साडेपाच गाठी," मी म्हणालो. तोंडातून निघूनच गेलं.

"आन गेल्या साली?"

"साडेआठ."

"मंग औंदा मार्चात काय हुईल?"

"चार एकर कांदा लावला तर मार्चात डोंगराकडची विहीर तळ गाठेल, आबा. मग खालचे आड आठ दिवसांत आटतील. खालची माणसं पाण्याला तुमच्या विहिरीवर येतील आणि तिथंही नसेल." एवढं मी आयुष्यात कधी गावासमोर बोललो नव्हतो.

आबांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग म्हणाले, "संगणक म्हनतोय तर म्हनतोय," आणि खाली बसले.

कुणाच्याही लक्षात आलं नाही की मी उत्तर द्यायला संगणकाकडं गेलोच नव्हतो. घरी आल्यावर आरती इतकी हसली की तिला ठसका लागला. कशाला हसतेस विचारलं तर म्हणाली, "काही नाही. छान बोललात."

२४ ऑक्टोबर

दसरा. आबांनी जादा रोप श्रीगोंद्याच्या पाहुण्यांना देऊन टाकलं. ट्रॅक्टरची अख्खी ट्रॉली भरून गेली. मी आमचं जादा रोप स्वतःच्या हातानं मोडलं. आबा बांधावरून जाताना थांबले, बघितलं, काही बोलले नाहीत.

१२ डिसेंबर

आज जीव गेला होता.

मध्यंतरी लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं. रोज जाऊन मॉनिटर चालू करायचा, चौकोन फिरताना बघायचा, पाच वाजता बंद करायचा. हरभरा बरा आहे. आणि आज अकरा वाजता पंचायत समितीचे विस्तार अधिकारी जीप घेऊन आले, निर्लेखनाची पाहणी करायला.

त्यांच्या फॉर्मवर दोन रकाने. संगणक बंद असेल तर आजच भंगार म्हणून जीपमध्ये. चालू असेल तर त्यातली माहिती काढून होईपर्यंत ठेवता येईल. भाऊसाहेबांनी मला डोळ्यांनी विचारलं, मी डोळ्यांनी काहीच सांगितलं नाही. तोवर शुभांगीताई आल्या, आबा आले, आणखी वीस-पंचवीस जण आले. एवढे लोक कसे जमले कुणास ठाऊक. बनुआजी दारात येऊन बसली.

साहेब म्हणाले, "चालू करून दाखवा."

मी बटण दाबलं. काही नाही. साहेबांनी स्वतः दाबलं. काही नाही.

डोक्यावरचा पंखा मात्र फिरत होता. खट, खट, खट.

"लाईट गेलीय," बजरंग आबा म्हणाले.

साहेबांनी वर पंख्याकडं बघितलं.

"पंखा दुसऱ्या फेजवर हाय," आबा म्हणाले.

"व्हय व्हय," मागून तीन-चार आवाज आले. "ह्या फेजला सांजच्यापत्तुर येत न्हाई."

शुभांगीताई म्हणाल्या, "रोजचंच हाय साहेब. तुमी चहा घ्या."

साहेबांनी पंख्याकडं, मग गावाकडं, मग घड्याळाकडं बघितलं. त्यांना अजून चार गावं करायची होती. फॉर्मवर लिहिलं, 'वीजपुरवठा खंडित असल्याने तपासणी होऊ शकली नाही. संगणक चालू असल्याचे ग्रामस्थांनी सांगितले.' सत्तावीस जणांनी सह्या केल्या. बनुआजीनं अंगठा दिला.

नशीब बलवत्तर म्हणायचं. आमच्या ऑफिसात एकच फेज आहे, हे फक्त मला माहीत. आबांचा गैरसमज झाला होता, पण मी त्यांची चूक दुरुस्त केली नाही. भोळ्या माणसांना फसवतोय, असं दिवसभर वाटत राहिलं.

१७ एप्रिल

ऊन भयंकर. आजूबाजूच्या तीन गावांना टँकर सुरू झालेत. आमच्या रस्त्यावरून जातात, आमच्याकडं वळत नाहीत. खालच्या आडाला अजून पाणी आहे. दोरभर खाली गेलंय, पण आहे.

४ मे

एका वर्तमानपत्राचा बातमीदार आला होता. 'जुन्या संगणकानं तारलं गाव' असं काहीतरी लिहिणार म्हणाला. संगणकाला हार घातला, माझा हात कीबोर्डवर ठेवायला लावला आणि फोटो काढले. त्याच वेळी बनुआजी उन्हातून विहिरी मोजून आली आणि दारात पाणी प्यायला बसली. बातमीदार तिला म्हणाला, "आजी, जरा बाजूला व्हा, फोटोत येताय."

ती झाली बाजूला. मला ते दिवसभर डाचलं.

५ मे

आज सांगून टाकलं.

निवडणुकीच्या आचारसंहितेमुळं ग्रामसभा नाही, म्हणून पारावर नुसतेच बसले होते सगळे. विषय एवढाच की पाऊस येईपर्यंत शेताच्या मोटारी किती चालवायच्या. शुभांगीताई म्हणाल्या, "अमृत, कागद?"

मी उभा राहिलो. म्हणालो, "कागद नाही. संगणक सप्टेंबरातच जळला. दसऱ्याआधीचा कागद मी नव्या प्रिंटरवर काढला होता. त्यातलं गणित बनुआजीचं. आधीचंही तिचंच. तुम्हा सगळ्यांना मी सात महिने फसवलं. काय करायचं ते करा."

शुभांगीताई म्हणाल्या, "बरं. मंग मोटारी किती तास?"

"ताई, मी काय म्हणालो ते ऐकलं का?"

"ऐकलं की."

"अमृत, खाली बस," बजरंग आबा म्हणाले. "घामानं भिजलायस."

बनुआजी म्हणाली, "आरं, मी त्याच दिशी सांगितलं हुतं ह्यांना. धूर घरापत्तुर आलता."

मी एकेकाच्या तोंडाकडं बघितलं. पन्नास-साठ माणसं, आणि एकाच्याही चेहऱ्यावर आश्चर्य नाही. भाऊसाहेब नखं बघत होते. मला संताप आला. म्हटलं, "मग मी सात महिने रोज तो चालू करून कुणासाठी बसत होतो?"

शुभांगीताई हळूच म्हणाल्या, "आमाला वाटलं, तुला तसं सोपं जातंय." आणि थांबून म्हणाल्या, "आमालाबी जात हुतं."

भाऊसाहेबांनी वही उघडली. विचारलं, आता नोंद कुणाच्या नावानं करू? ताई म्हणाल्या, "बनुबाई आन अमृत साळवे. लिवा."

मी म्हणालो, मोटारी दिवसाआड दोन तास. चाऱ्याला पाणी, बाकी कशाला नाही.

हा पहिला निर्णय, ज्याच्यावर माझं नाव आहे. आणि लगेच दंगा सुरू झाला. दोन तास कसे पुरतील, याच्या म्हशी किती, त्याचा लसूणघास किती, तुला काय कळतंय. सतरा वर्षांत असा आरडाओरडा ऐकला नव्हता. मी प्रत्येकाला उत्तर देत होतो. घसा बसला.

७ मे

सकाळी आठला दारात गाडी थांबली. बजरंग आबा. मी एकोणचाळीस वर्षांचा आहे आणि आबा आमच्या आळीत कुणाच्या घरी आलेले मी बघितलेले नाहीत. आरतीनं घाईघाईनं सतरंजी टाकली. आबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे, मी भांडाय आलोय," आणि फरशीवरच बसले.

त्यांचं म्हणणं, दोन एकर मका चाऱ्याला आहे, दिवसाआड चार तास पाहिजेत. मी म्हटलं, नाही जमणार. ते म्हणाले, माझी विहीर माझी आहे. मी म्हटलं, विहीर तुमची, झरा डोंगराचा. त्यांनी आवाज चढवला. मीही चढवला. मग माझाच आवाज ऐकून मी दचकलो, आबाही दचकले. आरतीनं मधे चहा आणून ठेवला. आबांनी बोलता बोलता कप उचलला, एक घोट घेतला, "साखर कमी हाय," म्हणाले आणि पुन्हा मक्यावर आले. दुसरा कपही घेतला. दोन तास बसले. शेजारीपाजारी कुंपणाशी उभे राहून ऐकत होते.

शेवटी अडीच तासांवर आले. मी दोनवरच राहिलो.

आबा उठले, धोतर झटकलं. "पटलं न्हाई मला," म्हणाले. "उद्या परत येतो."

गाडी वळून गेल्यावर आरती कपबशा उचलता उचलता म्हणाली, "उद्या किती वाजता येणारेत?"

विचारायचं राहिलं. दूध मात्र लिटरभर जास्त सांगून आलोय.